हिरा रजिस्टरमध्ये (कामावरचे धोके आणि त्यांची जोखीम लिहायचं रजिस्टर) मानसिक ताण लिहायचा तरी कसा? सेफ्टीवाल्यांनो, जरा मदत करा

चाकणकर_सेफ्टी
नमस्कार मंडळी. मी चाकण एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सेफ्टीला आहे. प्रेस शॉप, वेल्डिंग, असेंब्ली, तीन शिफ्ट, परमनंट मोजके आणि बाकी सगळे कॉन्ट्रॅक्ट नाहीतर ट्रेनी, म्हणजे इकडच्या बहुतेक कंपन्या असतात तशीच. नुकतंच आमचं आयएसओ ४५००१ चं, म्हणजे कामावरच्या सुरक्षिततेच्या स्टँडर्डचं, सर्व्हिलन्स ऑडिट झालं. ऑडिटर मॅडमनी हिरा रजिस्टर उघडलं, प्रेसचं गार्डिंग, फोर्कलिफ्ट, वेल्डिंगचा धूर, उंचीवरचं काम सगळं नीट बघितलं आणि मग शांतपणे विचारलं की सायकोसोशल हॅझार्ड, म्हणजे कामाची आखणी आणि वागणूक यातून मनाला असलेले धोके, कुठल्या पानावर आहेत. आमच्या रजिस्टरला तसं पानच नाही. एनसी (स्टँडर्ड पाळलं नाही असा शेरा) दिली नाही, नुसतं ऑब्झर्व्हेशन टाकलं, पण पुढच्या वेळी उत्तर लागणारच.

प्लँट हेडना सांगितलं तर म्हणाले, एचआरला सांग एक स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन लावायला, अटेंडन्स घ्या, फोटो काढा आणि क्लोज करा. एचआरनी त्याआधी एक गूगल फॉर्म फिरवला, त्यात पहिलाच रकाना एम्प्लॉयी कोडचा! सगळ्यांनी 'पूर्ण समाधानी' ठोकून दिलं. आता त्याचा रंगीत पाय चार्ट माझ्या मेलमध्ये येऊन पडलाय.

खरं काय आहे ते फ्लोअरवर सगळ्यांना माहितीये. पुढच्या आठवड्याची शिफ्ट शनिवारी रात्री उशिरा व्हॉट्सॅपवर कळते. नाइट करून सुटायच्या वेळी रिलिव्हर (जागा घेणारा पुढचा माणूस) आला नाही की त्याच माणसाला थांबवतात. रिजेक्शन वाढलं की सकाळच्या मीटिंगला लाइन लीडरला सगळ्यांसमोर उभं करून झापतात. मेन्टेनन्सच्या पोरांचा फोन सुट्टीच्या दिवशी पण बंद चालत नाही. हे मी ५ बाय ५ मॅट्रिक्समध्ये (सिव्हिरिटी म्हणजे परिणाम किती गंभीर, लाइकलीहूड म्हणजे घडायची शक्यता किती) बसवू कसं? 'फोरमन शिव्या देतो' याची सिव्हिरिटी किती धरायची, दोन का चार? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. टेम्प्लेट नकोत, नेटवर ढिगाने आहेत, सगळे कुठल्यातरी बँकेच्या ऑफिससाठी बनवलेत.

लाइन_नंबर_तीन
सर मी ऑपरेटर आहे, दुसऱ्या कंपनीत, पण तुमची पोस्ट वाचून वाटलं आमच्याच कंपनीतले आहात. आमच्याकडे पण सेशन झालं. जेवणाच्या सुट्टीत. अर्धा तास सुट्टी त्यातली पंधरा मिनिटं डोळे मिटून बसलो आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत कँटीनची लाइन. आणि त्या दिवशीचं टार्गेट काही कमी केलं नव्हतं हे सांगायला नको.

तुम्हाला खरंच लिहायचं असेल तर हे लिहा. लाइनवर रिलिव्हर नसतो, टॉयलेटला जायचं म्हणजे लीडरला विचारायचं, तो आधी घड्याळ बघतो मग तोंड बघतो. आमच्या लाइनवरच्या बायका त्यामुळे ड्युटीवर पाणीच कमी पितात, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. दुसरं म्हणजे कॉन्ट्रॅक्टच्या पोराला 'उद्यापासून येऊ नको' हे गेटवर पंचिंग चाललं नाही की कळतं. घरचे हप्ते चालू असतात, रूमभाडं असतं, आणि दर महिन्याच्या शेवटी पोटात गोळा. याला कुठलं ध्यान लावणार आहात? राग मानू नका सर, तुमच्यावर नाही राग.

जुना_ऑडिटर
लाइन_नंबर_तीन, तुम्ही जे लिहिलंय तेच रजिस्टर आहे. भाषा तेवढी बदलायची.

आता चाकणकर साहेब, तुमच्या मॅडमनी हे मनाने काढलेलं नाही. ४५००१:२०१८ च्या ६.१.२.१ मध्ये धोके ओळखताना पहिलाच मुद्दा आहे, काम कसं आखलंय, कामाचा बोजा, कामाचे तास, छळ, दादागिरी, नेतृत्व आणि कंपनीतली संस्कृती हे सगळं विचारात घ्या. आणि त्याच स्टँडर्डच्या व्याख्येत इजा म्हणजे शरीराला, मनाला किंवा आकलनशक्तीला झालेला अपाय. म्हणजे २०१८ पासून हे कंपल्सरीच आहे, लोक ते वाक्य वाचून पुढे जातात एवढंच. २०२१ च्या जूनमध्ये आयएसओ ४५००३ आलं, ते यावरचं मार्गदर्शन. ते नुसतं गाइडलाइन आहे हां, त्याचं सर्टिफिकेट मिळवून देतो म्हणून कुणी कन्सल्टंट दारात आला तर चहा पाजून परत पाठवा.

सगळ्यात मोठी गडबड होते ती पहिल्या कॉलममध्ये. लोक हॅझार्ड म्हणून 'मानसिक ताण' लिहितात. ताण हा हॅझार्ड नाही, तो परिणाम आहे. तुम्ही प्रेसच्या पानावर 'बोट तुटणं' असं हॅझार्डमध्ये लिहिता का? तिथे हॅझार्ड म्हणजे प्रेसचा उघडा डाय (साचा) असतो. तसंच इथे हॅझार्ड म्हणजे 'शिफ्टची सूचना एक दिवस आधी', 'रिलिव्हर नसलेली लाइन', 'चुकीबद्दल जाहीर पाणउतारा'. एकदा असं लिहिलं की कंट्रोल आपोआप कामाकडे बोट दाखवतो, माणसाकडे नाही. उलट 'मानसिक ताण' लिहिलं की समोर 'योगा' येणारच, दुसरं काय येणार.

सिव्हिरिटीचं म्हणाल तर 'शिव्या' असं सुटं धरू नका. त्या धोक्याचा रोजच्या कामात सगळ्यात वाईट पण शक्य असा परिणाम काय ते बघा. नाइट करून पुढची फर्स्ट केलेला माणूस घ्या. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचाल आणि प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तो माणूस तुमच्याकडे प्रेसवर किंवा फोर्कलिफ्टवर आहे. मग सिव्हिरिटी पाच का नाही? आणि लाइकलीहूड साठी अंदाज नको, ओटी रजिस्टर काढा, महिन्यात किती जणांनी डबल (सलग दोन शिफ्ट) केली ते तिथेच आहे.

खरं तर डबल शिफ्टला स्कोअरिंगच करू नका. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायद्यात आहे, ओटीला पण मर्यादा आहे. जिथे कायदा मोडतोय तिथे मॅट्रिक्स कसली भरता, तो थेट सिग्निफिकंट, म्हणजे आधी हाताळायचा मोठा धोका. डब्ल्यूएचओ आणि आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) २०२१ चा अभ्यास आहे, आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा स्ट्रोकचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. प्लँट हेडना हे दाखवा, 'ताण' शब्दाला ते हसतील, स्ट्रोकला हसत नाहीत.

आणि कंट्रोलची उतरंड आपली जुनीच लावायची, आधी धोका काढून टाका, मग बदला, मग इंजिनिअरिंग, मग नियम-वेळापत्रक, सगळ्यात शेवटी पीपीई, म्हणजे अंगावर घालायची साधनं. स्ट्रेसचं सेशन कुठे बसतं? प्रेसचा आवाज कमी न करता इअरप्लग वाटण्यासारखं आहे ते.

हिंजवडी_फेज_दोन
आयटीवाला बोलतोय. तुमच्याकडे निदान हिरा रजिस्टर तरी असतं, आमच्याकडे फायर ड्रिल सोडून सेफ्टी म्हणजे काय कुणाला माहिती नाही. शॉप अ‍ॅक्टमध्ये दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास असं होतं, त्यात दिवसाचे १० करायला राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, आणि खरं सांगू का ऑफिसमध्ये कुणी विशेष बोललंच नाही कारण ९ तरी कोण पाळत होतं.

२०२४ ला पुण्यात त्या २६ वर्षांच्या सीए मुलीचा मृत्यू झाला, आईने कामाच्या बोज्याबद्दल कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर फिरलं, तेव्हा कामगार खातं तिथे गेलं आणि त्या ऑफिसची शॉप अ‍ॅक्टची नोंदणीच नाही हे बाहेर आलं. नोंदणी नाही म्हणजे तास कोण तपासणार. त्यानंतर आमच्याकडे लगेच वेलनेस अ‍ॅप आलं, फुकट सबस्क्रिप्शन. रात्री अकराला क्लायंट कॉल संपला की अ‍ॅप नोटिफिकेशन देतं 'आज तुम्ही स्वतःसाठी वेळ काढलात का'. अनइन्स्टॉल केलं.

सुप्रियाताई सुळेंनी ऑफिसनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक २०१८ मध्ये मांडलं होतं, २०२५ च्या डिसेंबरात परत मांडलं. पण खासगी विधेयक पास व्हायची शेवटची वेळ १९७० ची आहे म्हणे मग काय आशा ठेवायची.

एचआरमधली_ताई
सगळं एचआरवर ढकललं की धागा छान रंगतो 🙂 पण दुसरी बाजू पण ऐका. मॅनपॉवरचं बजेट आम्ही ठरवत नाही. रिलिव्हर मागितला की 'हेडकाउंट फ्रीझ आहे' हे उत्तर आम्हालाच मिळतं, आणि सेशनला मात्र लगेच पैसे मंजूर होतात कारण ते एका दिवसात संपतं आणि फोटो येतो. मग एचआरवाली सेशनच लावणार ना.

एम्प्लॉयी कोड टाकलेला फॉर्म मात्र डोक्याला हात लावण्यासारखाच आहे. आमच्याकडे सेफ्टी आणि एचआरने मिळून केलं त्यात जे चाललं ते सांगते. ब्रिटनच्या एचएसईने (तिथली कामावरच्या सुरक्षिततेची सरकारी संस्था) सहा गोष्टी ठरवल्यात, कामाचा बोजा, कामावर स्वतःचा ताबा किती, पाठिंबा, संबंध, आपलं काम नक्की काय हे स्पष्ट आहे का, आणि बदल कसे होतात. त्यांची ३५ प्रश्नांची प्रश्नावली फुकट आहे. आम्ही ती जशीच्या तशी नाही वापरली, कारण भाषांतर वाचून आमच्या ऑपरेटर बायका हसायला लागल्या. तेच सहा विषय धरून साध्या मराठीत आणि हिंदीत प्रश्न केले, कागदावर, नाव नाही कोड नाही, पेटीत टाकायचे, आणि पेटी एचआरच्या केबिनबाहेर नाही तर कँटीनमध्ये. डिपार्टमेंटचा निकाल दहापेक्षा कमी लोक असतील तर वेगळा दाखवायचा नाही, नाहीतर टूल रूममधल्या चार जणांत 'नाही' कुणी लिहिलं ते फोरमन दोन मिनिटांत ओळखतो.

त्यापेक्षाही जास्त माहिती मिळाली गटात बसून. लाइनवाले वेगळे, लीडर वेगळे, कॉन्ट्रॅक्टवाले पूर्णपणे वेगळे, आणि कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला आत बसू द्यायचं नाही. विचारायचं एवढंच, 'गेल्या आठवड्यात कामावर सगळ्यात वैताग कशाचा आला?' तणाव, मानसिक आरोग्य हे शब्दच काढायचे नाहीत, काढले की लोक गप्प होतात, त्यांना वाटतं आपल्याला वेडं ठरवायला आलेत.

आणखी एक, लैंगिक छळाची तक्रार आली तर ती या रजिस्टरमध्ये घालून चर्चा करत बसू नका, ती २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडेच जाते, त्याला वेगळी गुप्तता आहे. आणि सेशनवाल्यांना एकदम शिव्या पण नकोत, ज्याला खरंच त्रास होतोय त्याला आज कुणीतरी लागतं, शिफ्टचा बोर्ड सुधारेपर्यंत तो थांबू शकत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तो नोटीस बोर्डवर आणि टॉयलेटच्या दाराच्या आतून लावा. आतून अशासाठी की बोर्डसमोर उभं राहून नंबर कुणी लिहून घेत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा लागतो, तुमच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये काय लिहिलंय ते एकदा काढून बघा.

मेलबर्नवाला_सातारकर
इथे ऑस्ट्रेलियात हा विषय आता सरळ कायद्यात आहे म्हणून लिहितो, मी बांधकाम कंपनीत सेफ्टीलाच आहे. आमच्या व्हिक्टोरिया राज्यात १ डिसेंबर २०२५ पासून सायकॉलॉजिकल हेल्थचे वेगळे नियम लागू झाले. त्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ट्रेनिंग आणि माहिती देणं हा मुख्य कंट्रोल म्हणून दाखवता येत नाही. आधी कामाची आखणी, व्यवस्था, यंत्रणा, जागा यांत बदल करा, ते शक्यच नसेल तर मग ट्रेनिंग. म्हणजे तुमच्या प्लँट हेडचं 'सेशन लावा आणि क्लोज करा' इथे चालणार नाही.

आणि हे कायदे दाखवायला नाहीत. नियम यायच्या आधीच, २०२३ मध्ये, इथल्या कोर्टांचं प्रशासन बघणाऱ्या कोर्ट सर्व्हिसेस व्हिक्टोरिया या सरकारी संस्थेलाच ३,७९,१५७ डॉलर दंड झाला. कॉरोनर्स कोर्टात कामाचा बोजा, दादागिरी आणि मृत्यूच्या केसेस रोज हाताळणं याचा लोकांवर परिणाम होत होता, आणि याची रिस्क असेसमेंट नीट केली नव्हती हे त्यांनी मान्य केलं. मुद्दा असा की गुन्हा काय होता तर असेसमेंट न करणं. तुम्ही जे करायला बसलाय तेच.

पण इकडे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका, कागद रंगवणारे इथेही आहेत, आणि साइटवर सबकॉन्ट्रॅक्टरचा माणूस इथेही शेवटीच मोजला जातो.

साठीचा_फोरमन
वाचतोय कधीपासून. भोसरी-पिंपरी पट्ट्यात उभं आयुष्य गेलं, फोरमन म्हणून रिटायर झालो. आम्ही पण शिव्या खाल्ल्या आणि त्यातूनच काम शिकलो, आमच्या वेळी कुणी हॅझार्ड म्हणत नव्हतं. आताची पोरं जरा आवाज चढला की दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

लाइन_नंबर_तीन
काका मान ठेवून विचारतो, तुमच्या वेळी शिफ्टचं चार्ट कधी लागायचं?

साठीचा_फोरमन
महिन्याचं एकदम लागायचं. टाइम ऑफिसच्या बाहेर, छापील. बदल करायचा तर युनियनच्या माणसाला आधी सांगावं लागायचं. आणि रिलिव्हर प्रत्येक लाइनला असायचा, ते खरं आहे. बरं, कळलं मला कुठे न्यायचंय ते 😄

पण मग एक गोष्ट माझीही ऐका. फोरमनला हॅझार्ड म्हणून लिहून मोकळे होऊ नका. गाड्यांची कंपनी संध्याकाळी शेड्यूल बदलते, सकाळी गाडी लोड झालेली पाहिजे, आणि त्यांची लाइन थांबली तर डेबिट नोट (नुकसानीची वसुली) तुमच्या कंपनीवर. प्लँट हेड मॅनेजरला फाडतो, मॅनेजर मला. माझ्याकडे माणसं वाढवायचा अधिकार नाही, मशिन बंद करायचा अधिकार नाही, सुट्टी मंजूर करायचा पण अर्धाच. मग माझ्याकडे उरतं काय, तोंड. फोरमन बदललात तरी पुढचा पण तेच करणार. ते शेड्यूल कुठल्या कॉलममध्ये लिहिणार सांगा.

जुना_ऑडिटर
काकांनी नस पकडली. जबाबदारी भरपूर आणि अधिकार नाही, हे मिश्रण सगळ्यात वाईट, १९७९ पासून कारासेक या संशोधकाच्या मॉडेलमध्ये हेच सांगितलंय की नुसत्या बोज्याने माणूस मोडत नाही, बोजा जास्त आणि हातात ताबा काहीच नाही तेव्हा मोडतो. म्हणून लाइन लीडर आणि फोरमनची वेगळी ओळ करा रजिस्टरमध्ये. आणि कस्टमरचं शेड्यूल सरळ हॅझार्डच्या मुळाशी लिहा. ते तुमच्या ताब्यात नाही हे मान्य, पण डिस्पॅचला दोन शिफ्टचा बफर स्टॉक (जास्तीचा तयार माल) ठेवणं तुमच्या ताब्यात आहे. तो निर्णय फायनान्सचा असतो आणि मानसिक आरोग्यासाठी तो कुठल्याही सेशनपेक्षा जास्त कामाचा, गंमत आहे की नाही.

सेशनबद्दल वर वाद झाला म्हणून, ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा २०२४ चा अभ्यास आहे, ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतले ४६,३३६ कर्मचारी. अ‍ॅप, माइंडफुलनेस, रेझिलियन्स ट्रेनिंग वगैरे घेतलेले आणि न घेतलेले, यांच्यात जवळपास फरकच सापडला नाही. समाजकार्यात भाग घेणाऱ्यांना थोडं बरं वाटलं होतं, तेवढंच. एचआरताईंच्या काउन्सेलिंगच्या मुद्द्याला मात्र माझा विरोध नाही. आजारी माणसाला आधार देणं वेगळं आणि धोका कमी करणं वेगळं, रजिस्टरमध्ये दुसरं लिहायचं असतं.

चाकणकर_सेफ्टी
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन रात्री बसून पहिला ड्राफ्ट केला. डबल शिफ्ट थेट सिग्निफिकंट टाकली, कंट्रोल म्हणून प्रत्येक शिफ्टला स्टँडबाय माणसं आणि त्यासाठी आकडा ओटी रजिस्टरमधून काढलाय, प्रेस आणि फोर्कलिफ्टवर डबल पूर्ण बंद. शिफ्टचं चार्ट पंधरा दिवस आधी छापील, आणि फर्स्ट, सेकंड, नाइट याच क्रमाने फिरवायचं, आत्ता उलटं फिरतंय. रिजेक्शनची मीटिंग पार्ट आणि डेटा समोर ठेवून, माणूस समोर उभा न करता. टॉयलेटसाठी दोन लाइनमागे एक रिलिव्हर. बफर स्टॉकचं लिहिलंय पण त्यावर प्लँट हेड सही करतील की नाही शंका आहे. आणि एक अडचण, कॉन्ट्रॅक्टचे लोक रजिस्टरमध्ये घेतले तर एचआर म्हणतंय 'ते आपले एम्प्लॉयी नाहीत'.

जुना_ऑडिटर
४५००१ मध्ये 'वर्कर' म्हणजे तुमच्या नियंत्रणाखाली काम करणारा कुणीही, पगार कोण देतो याचा संबंध नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना वगळून रजिस्टर केलंत तर पुढच्या वेळी मी असतो तर सरळ एनसी दिली असती. सही नाही झाली तर ती ओळ पुसू नका, 'मंजुरी प्रलंबित' लिहून तारीख टाका आणि सेफ्टी कमिटीच्या मिनिट्समध्ये घ्या.

एचआरमधली_ताई
आणि त्या कमिटीत कॉन्ट्रॅक्टच्या लोकांमधून कुणी आहे का ते आधी बघा. आमच्याकडे एक बाई घेतल्या लाइनवरच्या, पहिल्या मीटिंगला काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या मीटिंगला त्यांनी टॉयलेटचा विषय काढला आणि रिलिव्हर मंजूर झाला. माझ्या ईमेलवर तोच विषय वर्षभर पडून होता.